रिकाम्या गाडीचं वजन

करुणा मोजता येत नाही, असं संतांपासून समाजशास्त्रज्ञांपर्यंत सगळ्यांनी एकमुखाने सांगून ठेवलं आहे. माणसाने समुद्राची खोली मोजली, ताऱ्यांची अंतरं मोजली, पण काळजाच्या ओलाव्यापुढे त्याची फूटपट्टी हरली, असं म्हणतात. ते सगळे चुकले होते. करुणा शून्य ते शंभर या पट्टीवर बसते, आणि चिंचोर तालुक्यात ती मंगळवारी नि शुक्रवारी प्रशासकीय इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मोजून मिळत असे. येताना आधार कार्डाची झेरॉक्स आणावी लागे.

शुक्रवारी ईश्वरी डावखर तिथे सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. लिफ्टच्या दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी होती आणि पाटीवर धूळ होती, म्हणून ती जिन्याने चढली, पंख्याखालची खुर्ची धरली आणि नंबर येईपर्यंत शरीरशास्त्राचं पुस्तक वाचत राहिली. तिला नर्स व्हायचं होतं. आठवीत असताना शेजारच्या काकूंच्या भाजलेल्या हाताचं ड्रेसिंग तिने केलं होतं, तेव्हापासून हे ठरलेलं होतं. बारावीला चांगले मार्क होते. पण मार्कांना आता कुणी विचारत नव्हतं.

त्याचं कारण असं. दवाखान्यांतली हातकामं यंत्रांनी उचलली होती. खाटेशेजारचा यांत्रिक हात शीर शोधायचा, सुई टोचायचा, सलाइन लावायचा, गोळ्या द्यायचा आणि चुकायचा नाही. माणसांच्या वाट्याला एकच काम उरलं: रुग्णाजवळ असणं. मग सरकारने विचार केला की एकच काम उरलं असेल तर ते ज्याला जमतं त्यालाच घ्यावं. विचार वाईट नव्हता. त्याच सुमारास एका कंपनीने सहवेदनामापक नावाचं यंत्र आणलं आणि विचाराला टेंडर मिळालं.

यंत्रामागचं शास्त्र खरं होतं. दुसऱ्याच्या बोटात सुई घुसलेली पाहिली की पाहणाऱ्याच्या मेंदूतही, स्वतःला टोचल्यावर जे भाग जागे होतात त्यांतले काही जागे होतात. पाठोपाठ नाडी उडते, तळहाताला घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. हे सगळं इतक्या झटकन होतं की नाटक करायला सवड मिळत नाही. कपाळावरची पट्टी मेंदूतल्या रक्ताची हालचाल टिपते, बोटावरचा चिमटा नाडी आणि घाम. आधी माणसाला शांत बसवून त्याची मूळ अवस्था नोंदवायची, मग त्याला कण्हणाऱ्या माणसांची चित्रफीत दाखवायची, मग दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. उरेल ती सहवेदना. माहितीपुस्तिकेत हे चित्रांसह दिलं होतं.

ईश्वरीचा नंबर आला. ऑपरेटर घाईत होता. रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्याने पट्टी लावली, चिमटा लावला आणि चित्रफीत सुरू केली. पडद्यावर एक म्हातारा कण्हत होता. “आई गं,” म्हणत होता. ईश्वरी बघत राहिली. त्याची उशी फार खाली गेली आहे, ती सरळ केली तर मान अवघडणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं.

पडद्यावर अकरा आकडा आला. खाली ओळ होती: ‘प्रतिसाद फर्निचरच्या जवळपास. पर्यायी क्षेत्रं: टोलनाका, कर्जवसुली, वकिली.’

“पुन्हा घेता येईल का?” ईश्वरीने विचारलं.

“घेता येईल, पण उपयोग नाही,” ऑपरेटर म्हणाला. तो मनाने वाईट नव्हता. “वाईट वाटून घेऊ नका ताई. मंगळवारी चुकून रिकामी खुर्ची तपासली गेली, तिला नऊ आले होते. तुम्ही पुढं आहात.”

एवढ्यात दारात आबा आले. आबा म्हणजे तिचे वडील, दामोदर डावखर. ते खाली चहाच्या टपरीवर बसले होते. पोरीची पाण्याची बाटली आपल्याच पिशवीत राहिली हे कळल्यावर ते तिन्ही जिने एका दमात चढून आले होते. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“किती आले?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“अकरा.”

“शंभरपैकी? असं कसं? बघू ते काय आहे,” म्हणत ते खुर्चीत बसलेच. रांगेतली माणसं कुरकुरली. काकांना एकदाचं गप्प करावं म्हणून ऑपरेटरने चिमटा लावला आणि चित्रफीत सुरू केली. म्हातारा “आई गं” म्हणाला. आबाही “आई गं” म्हणाले.

अठ्ठ्याण्णव.

यंत्राने छोटी धून वाजवली. रांगेने टाळ्या वाजवल्या. ऐंशीच्या पुढच्या माणसाला जागेवर प्रवेशपत्र देण्याची सोय होती, आणि करुणेला वय नसतं म्हणून वयाची अट मुद्दामच काढून टाकली होती. अशा रीतीने वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, पाण्याची बाटली द्यायला आलेल्या दामोदर डावखर यांना नर्सिंगला प्रवेश मिळाला.

* * *

आबांबद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे त्यांचा सगळा जन्म साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेला होता. उसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी झाली की पुन्हा तोलायची, आणि वजाबाकी करून पावती फाडायची. त्यामुळे आकडा दाखवणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांची श्रद्धा होती. “माणूस खोटं बोलतो, काटा खोटं बोलत नाही,” हे त्यांचं घरातलं वाक्य होतं आणि ते ताप मोजण्यापासून पंचांगापर्यंत सगळीकडे चालत असे.

दुसरी गोष्ट म्हणजे आबांना आजार होत नसत, सुचत. ढेकर आली की हृदय, नाही आली की आतडं. शेजारच्या गल्लीत कुणाला कावीळ झाली तर आबांचे डोळे त्याच्या आधी पिवळे. आठवड्यातून दोनदा तरी ते पलंगावर आडवे होऊन खोल आवाजात म्हणत, “चाललो गं मी, ईशे.”

“चप्पल घालून जा, आबा,” ईश्वरी आतून म्हणायची, आणि कोमट पाणी आणून द्यायची. आबा पाणी पिऊन उठायचे. ती पाच वर्षांची असल्यापासून हे असंच चाललं होतं.

निकालाच्या दिवशी घरी आल्यावर आबांनी प्रवेशपत्र देवापुढे ठेवलं आणि सरळ मनाने म्हणाले, “मला वाईट वाटतंय पोरी. पण आता काय करणार. काटा खोटं बोलत नाही.”

ते दुसऱ्या कुणी बोललं असतं तर ईश्वरीने सोडून दिलं असतं.

ती परसात जाऊन बसली. तिला अण्णा, म्हणजे तिचे आजोबा, गेले तो दिवस आठवला. सगळं घर रडत होतं आणि ती आलेल्या माणसांसाठी चहा टाकत होती. साखर कमी पडली तेव्हा शेजारून आणली. तेव्हा सगळे म्हणाले होते, पोरगी किती समजूतदार. आता तिला वाटलं, तो समजूतदारपणा नसणार. तेव्हा यंत्र नव्हतं म्हणून चांगला शब्द वापरला गेला.

पुढचे काही आठवडे तिने मऊ व्हायचा प्रयत्न केला. पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी देता आली असती. ती मालिका बघायला लागली. नायिका कोसळली की ईश्वरी स्वतःच्या नाडीवर बोट ठेवायची. नाडी आपली चालत राहायची, दळण आणायला निघालेल्या बाईसारखी. एकदा तिने कांदा चिरून डोळ्यांत पाणी आणलं आणि त्या अवस्थेत दुःखाचा विचार करून पाहिला. तिला फक्त कांद्याचा विचार आला. चिरलाच आहे तर पिठलं करावं, असं वाटलं.

“मी दगड आहे, आई,” ती एकदा म्हणाली.

आई निवडत असलेल्या तांदळातून मान वर न काढता म्हणाली, “असशील. पाटा पण दगडच असतो. घरात सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. ऊठ, पाणी जाईल.”

गल्लीतल्या बायकांनाही आकडा कळला होता. पूर्वी कुणाचं पोर पडलं तर ईशीला हाक मारत. आता हाक मारताना त्या जरा थांबत. हे तिला जास्त लागलं.

* * *

आबांनी प्रवेश घेतला. “तुझ्यासाठीच जातो. आत काय असतं ते बघून येतो,” असं ते म्हणाले. त्यात तथ्य होतं. पण दिवसभर हाकेच्या अंतरावर डॉक्टर असण्याची सोय त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती, हेही होतं. पांढरा गणवेश घालून ते सकाळी निघायचे. ईश्वरी डबा करून द्यायची. संध्याकाळी धडाही तीच वाचून दाखवायची, कारण स्वतः वाचायला घेतलं की आबांना लक्षणं सुरू होत. सोमवारी यकृत शिकवलं की मंगळवारी आबा उजवी कूस धरून चालायचे. मूत्रपिंडं दोन असतात हे कळल्यावर त्यांनी दोन दिवस रजा काढली.

आणि चिंचोर तालुक्याचं नाव झालं. चिंचोरच्या केंद्रावरचे उमेदवार सहवेदनेत राज्यात पहिले आले होते, तेही बऱ्याच अंतराने. एस. टी. स्टँडसमोर ‘राज्यातील सर्वांत कनवाळू तालुक्यात आपले स्वागत आहे’ अशी कमान लागली. कमान बांधणाऱ्याचं बिल अडकल्यामुळे ती रंगवायची राहिली होती.

नर्सिंग कॉलेजला जोडलेल्या दवाखान्यात मात्र परिस्थिती जरा नाजूक होती. मोठा आकडा मिळाल्यापासून मुलं खरोखरच हळवी झाली होती. रुग्ण कण्हला की कण्हायची, रडला की रडायची. ड्रेसिंग उघडलं की निदान एक जण खाली बसायचा. प्राचार्य फिलोमिना साळवे मॅडम यांची तीस वर्षं वॉर्डात गेली होती. त्यांनी प्रत्येक खाटेशेजारी एक जादा स्टूल ठेवायला सांगितलं, नर्ससाठी. कंबरेचं हाड मोडलेल्या यमुनाबाई नावाच्या आजी उशीखाली एक स्वच्छ पंचा ठेवत. “पोरांना डोळे पुसायला लागतो,” त्या म्हणत. “आमचं काय, आमचं दुखतंयच.”

एके दिवशी दुपारी साळवे मॅडमचा फोन आला.

“ईश्वरी, तुझे वडील पुन्हा आडवे झालेत,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. “आज हृदयाचा धडा होता, चूक आमचीच. येऊन घेऊन जा. पोरं रडून रडून दमलीत.”

ईश्वरी गेली. यमुनाबाईंच्या शेजारच्या रिकाम्या खाटेवर आबा पडले होते आणि चार पोरं त्यांच्याभोवती हुंदके देत होती. खाटेशेजारचा यांत्रिक हात घडी घालून स्वस्थ होता. नोंद झालेल्या रुग्णाशिवाय तो कुणाला शिवत नसे.

“काय आबा,” ईश्वरी म्हणाली. “चाललात का?”

आबा काही बोलले नाहीत. ते छताकडे बघत होते. वरच्या ओठावर घाम होता आणि डाव्या हाताने त्यांनी चादर मुठीत धरली होती.

“आबा, काय होतंय?”

“काही नाही,” आबा हळूच म्हणाले.

ईश्वरीने आयुष्यात त्यांच्या तोंडून हे दोन शब्द ऐकले नव्हते. ती वळली.

“मॅडम, डॉक्टरांना बोलवा. आत्ता. हे खरं आहे.”

“अगं, रोजच तर ते—”

“रोज ते बोलतात. आज बोलत नाहीयेत.”

साळवे मॅडमनी दुसरं वाक्य वाया घालवलं नाही. त्या धावल्या. ईश्वरीने आबांना मागे उशा लावून टेकवून बसवलं, गळ्याचं बटण काढलं आणि सगळ्यात मोठ्याने रडणाऱ्या पोराच्या हातात यमुनाबाईंचा पंचा देऊन सांगितलं, “हा ओला करून आण. आणि येताना दार उघडं ठेव, स्ट्रेचर यायचंय.” तो गेला. काम मिळाल्यावर त्याचं रडणं थांबलं होतं. आबांचा हात तिने हातात घेतला. तो गार होता.

“ईशे,” आबा म्हणाले.

“बोलू नका. मी आहे.”

डॉक्टर आले, आलेख निघाला, आणि मग सगळं फार भरभर झालं. झटका खरा होता. रक्तवाहिनी अडली होती. आबांना आत नेलं आणि दार बंद झालं.

यमुनाबाई आपल्या खाटेवरून हे सगळं बघत होत्या.

“पोरी, तू नर्स ना?”

“नाही आजी. मला प्रवेश नाही मिळाला. नापास झाले.”

“कशात?”

“मायेत.”

यमुनाबाईंनी रडणाऱ्या तिघांकडे पाहिलं. “आणि ही पास झालेली?”

“राज्यात पहिली.”

“बरं,” यमुनाबाई म्हणाल्या. “यांना चहा प्यायला पाठव, आणि तू बस इथं माझ्यापाशी. माझी उशी खाली गेलीये कधीची.”

ईश्वरीने उशी सरळ केली.

नळी टाकली, वाहिनी मोकळी झाली, धोका टळला, असं डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई आली होती. तिला बाकावर बसवून ईश्वरी कॅंटीनमध्ये गेली आणि तिने चहा मागितला. कप उचलला तर तो बशीवर वाजायला लागला. तिने कप खाली ठेवला आणि हाताकडे पाहिलं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि जवळपास कांदा नव्हता.

साळवे मॅडम समोर येऊन बसल्या. “आत घाबरली नव्हतीस का?”

“घाबरले होते,” ईश्वरी म्हणाली. “पण तिथं घाबरून कोणाला काय मिळणार होतं. म्हटलं, नंतर घाबरू.”

“आता घाबर,” मॅडम म्हणाल्या. “मी आहे इथं. तुझा चहा मी पिते, गार होतोय.”

ईश्वरी निवांत घाबरली. कितीतरी महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

* * *

दोन दिवसांनी आबांना बोलायची परवानगी मिळाली.

“तुला कळलं कसं?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही बोलला नाहीत म्हणून.”

आबांनी विचार केला. “म्हणजे मी बोलतो तेव्हा तू ऐकत असतेस?”

“दोन खोल्यांचं घर आहे, आबा. न ऐकून सांगते कुणाला.”

“मला आपलं वाटायचं, तुझं लक्ष नसतं,” ते म्हणाले. “त्या दिवशी काट्याचं बोललो ते...” ईश्वरीने त्यांना कोमट पाणी दिलं. त्यांनी ते मुकाट्याने प्यायलं.

प्रवेशाचा प्रश्न साळवे मॅडमनी सोडवला, आणि त्यासाठी कुणाचंही हृदयपरिवर्तन करावं लागलं नाही. शिकाऊ नर्सना सरकार विद्यावेतन देत असे, म्हणून कागदोपत्री ते कर्मचारी. कर्मचारी वैद्यकीय कारणाने अपात्र ठरला तर त्याच्या जागी घरातल्या एकाला अनुकंपा तत्त्वावर घ्यायचा नियम आहेच. हृदयविकार झालेल्या माणसाला वॉर्डात राबवता येत नव्हतं, तेव्हा आबा अपात्र. घरातली एक, ईश्वरी.

“पण माझे अकरा?” तिने विचारलं.

“नियमात यंत्र कुठंच नाही,” मॅडम म्हणाल्या. “नियम यंत्राच्या आधीचा आहे. सही कर.”

तिने सही केली. आबांचा गणवेश आईने तिच्या मापाचा करून दिला.

काही महिन्यांनी कंपनीचा एक इंजिनिअर चिंचोरला आला. एवढी करुणा एका तालुक्यात कुठून आली, याचा कंपनीला अभ्यास करायचा होता; जमलं तर जाहिरात. तो कॉलेजच्या कचेरीत बसून केंद्रावरच्या नोंदी चाळत होता. आबा तपासणीसाठी आले होते आणि ईश्वरीची ड्युटी संपायची वाट बघत तिथेच बसले होते.

इंजिनिअरने बराच वेळ स्क्रीन वरखाली केला. “सुरुवातीला शांत बसवून नोंद घ्यायची असते,” तो शेवटी साळवे मॅडमना म्हणाला, “ती इथे कुणाचीच घेतलेली दिसत नाही. ती नसली की यंत्र आपलं एक सरासरी गृहीत धरतं. म्हणजे माणूस आधीपासून किती धापा टाकतोय, ते वजाच झालं नाही.”

“थांबा,” आबा म्हणाले. “म्हणजे रिकामी गाडी तोललीच नाही?”

“कुठली गाडी?”

उभ्या जन्मात रिकामी गाडी तोलल्याशिवाय आबांनी एक पावती फाडली नव्हती, आणि त्या दिवशी ते स्वतः त्या काट्यावर जाऊन बसले होते. ते नुसते गप्प बसून राहिले.

ईश्वरी दारातून आत येत होती. आबा गप्प आहेत हे पाहून ती तीन ढांगांत त्यांच्यापाशी पोचली आणि तिने मनगट धरलं.

“काही होतंय का आबा?”

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग खोल आवाजात म्हणाले, “चाललो गं मी, ईशे.”

तिने मनगट सोडलं. “चप्पल घालून जा,” ती म्हणाली, आणि वॉर्डाची किल्ली जमा करायला गेली.

इंजिनिअरचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. त्यात चिंचोरबद्दल एकच ओळ होती. केंद्र तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद होती.